गर्दी आणि गिऱ्हाईक

दुबई चॉकलेट या नावानं जगभर गाजलेली पहिली वडी विकायला काढली ती सारा हमूदा या ब्रिटिश-इजिप्शियन इंजिनिअर बाईंनी. साल २०२१. दुसऱ्या बाळाच्या वेळी त्यांना जे डोहाळे लागले, ते दुकानातल्या कुठल्याच चॉकलेटनं भागेनात. म्हणून त्यांनी कुनाफा या अरबी मिठाईचं सारण चॉकलेटात भरून पाहिलं. कुनाफ्यात शेवयांहूनही बारीक अशा पिठाच्या तारा असतात, त्यांना कतायफी म्हणतात. त्या लोण्यात कुरकुरीत परतायच्या, त्यात पिस्त्याचं क्रीम आणि तिळाची ताहिनी कालवायची आणि हे सगळं मिल्क चॉकलेटच्या जाडजूड कवचात बंद करायचं. वडी दोनशे ग्रॅमची, वर हातानं शिंपडलेले हिरवे-पिवळे रंग. नवरा यझन अलानी यांच्या साथीनं त्यांनी ‘फिक्स’ नावाचा छोटा ब्रँड सुरू केला. दुकान नव्हतं. वडी मागवायची ती डिलिव्हरूच्या अ‍ॅपवरून, तीही दुबईपुरती.

पुढची दोन वर्षं हा धंदा शेकडो घरगुती धंद्यांसारखाच हळूहळू चालला. मग डिसेंबर २०२३ मध्ये मारिया वेहेरा या दुबईतल्या खाद्य-इन्फ्लुएन्सरनं गाडीत बसून ही चॉकलेटं खातानाचा व्हिडिओ टिकटॉकवर टाकला. त्यात ना भाषण, ना कौतुक. कवच मोडल्याचा कडकन आवाज, आतून ओघळणारं हिरवं सारण, कुरकुर, आणि पुन्हा एक घास. हा व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला आणि फिक्सच्या छोट्याशा स्वयंपाकघरावर ऑर्डरींचा लोंढा येऊन आदळला.

ट्रेंडवर धंदा कसा वाढवावा हे शिकवणारे वर्ग हल्ली गल्लोगल्ली निघालेत. त्यातले बहुतेक इथं थांबतात: असा व्हिडिओ करा, अशी गर्दी येईल. मला खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते असं वाटतं. पण आधी हा व्हिडिओ एवढा का पसरला ते पाहून घेऊ, कारण ‘नशीब’ म्हणून तो विषय सोडून देणं सोपं असलं तरी बरोबर नाही.

टिकटॉकनं २०२० च्या जून महिन्यात आपली शिफारस-यंत्रणा कशी चालते याचा खुलासा केला होता. खात्याला किती फॉलोअर्स आहेत याला तिथं थेट वजन नसतं. माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो का, याला फार वजन असतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडचे तीन मुख्य निकष सांगितले: किती वेळ पाहिलं, किती लाइक मिळाले आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवलं. जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं तर यातला तिसरा निकष जास्त कामाचा. म्हणजे नव्या धंदेवाल्यानं लाइक मोजत बसण्यापेक्षा ‘हे बघ, काय आहे’ म्हणून किती जणांनी रील मैत्रिणीला धाडली ते पाहावं.

आता त्या चॉकलेटकडे परत पाहा. चॉकलेट साधारणतः तपकिरी, सपाट आणि मुकं असतं. इथं मोडल्यावर आवाज होतो, आत अनपेक्षित हिरवा रंग निघतो, आणि ते मोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही म्हणून बोट पुढं सरकत नाही. बघणाऱ्याला भाषा कळायची गरज नाही, त्यामुळं व्हिडिओ कुठल्याही देशात चालतो. थोडक्यात, प्रसिद्धीचा निम्मा भाग पदार्थाच्या रचनेतच होता. आपल्याकडे पुष्कळ जण आधी वस्तू बनवतात आणि मग ‘यावर रील काय करू?’ म्हणून डोकं धरून बसतात. गंमत अशी की आपल्या कितीतरी वस्तूंत हे दाखवण्याजोगं मुळातच असतं. येवल्यात हातमागावर विणलेली पैठणी उलटी करून दाखवली, की पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच नीट दिसतो. जाणत्या बायका हातमागाची पैठणी तशीच पारखतात. दहा सेकंदांत पटणारी यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? तरी रीलमध्ये साडी नेसलेली मुलगी गोल गोल फिरत राहते आणि साडीची उलटी बाजू कधी दिसतच नाही.

तर, गर्दी आली. पुढं?

फिक्सनं दिवसातून दोनदाच, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला, ऑर्डर घ्यायला सुरुवात केली. ठरलेला माल संपला की अ‍ॅपवरची खिडकी बंद. लोक घड्याळ लावून बसत आणि वड्या मिनिटांत संपत. बाहेरून पाहणाऱ्यांना ही मोठी धूर्त चाल वाटली. माझ्या मते ती चाल असलीच तर नंतर झाली. मुळात ती अडचण होती. हातानं रंगवून, हातानं भरून बनणारी वडी एका स्वयंपाकघरात जेवढी निघेल तेवढीच निघणार. वाखाणण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी ती अडचण लपवली नाही. ‘सगळ्यांच्या ऑर्डरी घेतो, पंधरा दिवसांनी पाठवतो’ असं म्हणायचा मोह अशा वेळी किती मोठा असतो, ते दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा. मोहाला बळी पडलेल्या धंद्याचं काय होतं तेही ठाऊक आहे: ज्या रीलनं नाव दिलं, तिच्याच खाली ‘पैसे घेतले, माल नाही’ अशा कॉमेंटची रांग लागते, आणि त्या कॉमेंटमुळं रील आणखी लोकांपर्यंत जाते. यंत्रणेला शिव्या आणि शाबासकी यांतला फरक फारसा कळत नाही.

याच संदर्भात अमेरिकेतल्या ‘डॉलर शेव्ह क्लब’चा दाखला नेहमी दिला जातो. ६ मार्च २०१२ रोजी मायकल डुबिन या तरुणानं यूट्यूबवर दीड मिनिटाचा विनोदी व्हिडिओ टाकला. खर्च साडेचार हजार डॉलरच्या आसपास. वेबसाइट पहिल्याच दिवशी कोलमडली, पण दोन दिवसांत १२ हजार ऑर्डरी आल्या. २०१६ मध्ये युनिलिव्हरनं ही कंपनी विकत घेतली तेव्हा किंमत सुमारे एक अब्ज डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. व्हिडिओचं कौतुक सगळे करतात. त्यामागच्या दोन गोष्टींबद्दल कमी बोललं जातं. एक, ब्लेड डुबिन स्वतः बनवत नव्हता. कोरियातली डोर्को कंपनी ती बनवत होती, त्यामुळं मागणी वाढली तरी हात बांधलेले नव्हते. दुसरी, दाढी रोज वाढते. व्हिडिओ पाहून आलेला माणूस महिन्याचा वर्गणीदार झाला, त्याला पुन्हा हसवायची गरज उरली नाही.

चॉकलेटची चव एकदा घेतली की बहुतेकांची हौस फिटते. ट्रेंड ‘एकदा बघूया तरी’ म्हणणारा माणूस आणून देतो. तो दुसऱ्यांदा यावा हे वस्तूच्या स्वभावावर आणि तुमच्या वागण्यावर ठरतं. म्हणून ट्रेंडच्या मागं लागण्याआधी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न रील कशी करावी हा नव्हे. माझी वस्तू माणूस वर्षातून किती वेळा घेतो? मसाला, लोणची, कपडे धुण्याचं द्रावण, लहान मुलांचे कपडे हा एक वर्ग. लग्नाची पत्रिका, भिंतीवरचं चित्र, ट्रेंडमधलं चॉकलेट हा दुसरा. दुसऱ्या वर्गातल्या धंद्याला दर वेळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि त्याचा खर्च किमतीत धरावाच लागतो. पुढं डॉलर शेव्ह क्लबचंही तेज उतरलं आणि २०२३ मध्ये युनिलिव्हरनं त्यातला मोठा हिस्सा विकून टाकला, हेही जाता जाता नोंदवायला हवं. पण तोवर डुबिनचं काम झालेलं होतं.

दुबईच्या गोष्टीतला सर्वांत बोधप्रद भाग नकलेचा आहे. पाककृतीवर मालकी सांगणं जगात कुठंच सोपं नाही. २०२४ च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या लिंट कंपनीनं जर्मनीत आपलं दुबई चॉकलेट मोजक्या संख्येत आणलं तेव्हा दुकानांपुढं रांगा लागल्या. स्वस्त मालाच्या साखळी दुकानांनीही आपापल्या वड्या काढल्या. जानेवारी २०२५ मध्ये कोलोन इथल्या न्यायालयानं त्यांपैकी आल्डी या साखळीला तुर्कस्तानात बनलेलं चॉकलेट दुबईच्या नावानं विकायला मनाई केली. फ्रँकफर्टच्या न्यायालयात दुसऱ्या एका उत्पादनाबाबत मात्र वेगळा सूर निघाला. गंमत बघा, भांडण चाललं होतं ‘दुबई’ या शब्दावर, आणि तो शब्द हमूदाबाईंच्या मालकीचा कधीच नव्हता. लोकांच्या तोंडी पदार्थाचं नाव बसलं ते शहराचं. ‘फिक्स’ हे नाव कितीशा जणांना आठवतं?

ट्रेंड जो सुरू करतो, तो पुढच्या सगळ्यांच्या जाहिरातीचा खर्च भरत असतो. हे टाळता येत नाही, पण थोडं कमी करता येतं. आपलं नाव पदार्थाला चिकटवायचं: वडीवरच छाप हवा, वेष्टनावरचा तर फाडून फेकला जातो. व्हिडिओत नाव बोललं किंवा दिसलं पाहिजे. आणि नाव नोंदवायचं. भारतात एका माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये फी पडते. चॉकलेट, मसाले, फराळ हे बहुतांशी तिसाव्या वर्गात येतात. रिंग लाइट आणि गिंबलवर याहून जास्त खर्च केलेले आणि नाव मात्र न नोंदवलेले धंदे आजूबाजूला भरपूर दिसतात.

नकलेचा परिणाम पार पिस्त्याच्या बागांपर्यंत गेला. २०२५ च्या वसंतात फिनान्शियल टाइम्सनं बातमी दिली, की पिस्त्याच्या गराचा भाव वर्षभरात पाउंडाला ७.६५ डॉलरवरून १०.३० डॉलरवर गेला. अमेरिकेतलं पीक त्या हंगामात तसंही कमी होतं, त्यात ही मागणी. पिस्त्याचं झाड लावल्यावर नीट फळायला सहा-सात वर्षं जातात. रील पाहून कोणी झाड लावून उपयोग नाही. यातून छोट्या धंदेवाल्यानं घ्यायची गोष्ट सरळ आहे. ट्रेंड आला की वस्तूची मागणी वाढते आणि त्याच आठवड्यात कच्चा मालही महागतो. उशिरा येणाऱ्याला चढ्या भावानं माल घेऊन पडत्या भावानं विकावं लागतं, कारण तोवर शेजारच्या तिघींनी तेच सुरू केलेलं असतं.

पुण्यामुंबईतल्या घरगुती बेकरी चालवणाऱ्या बायकांनी २०२४-२५ मध्ये कुनाफा चॉकलेट बनवायला घेतलं तेव्हा नेमकं हेच गणित त्यांच्यापुढं होतं. भारतात टिकटॉक नसल्यानं हा ट्रेंड आपल्याकडे आला तो मुख्यतः इन्स्टाग्रामवरून. आपण एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे. समजा वडीची किंमत ७०० रुपये. पिस्ता, चॉकलेट, कतायफी, डबा, बर्फाची पिशवी, कुरिअर सगळं धरून खर्च ५८० रुपये. म्हणजे वडीमागं नफा १२० रुपये. शंभर पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीनं पाठवली आणि त्यातली वीस ‘घरी कोणी नाही’, ‘आता नको’ म्हणून परत आली. परत आलेलं चॉकलेट वितळलेलं, ते टाकूनच द्यायचं. वर परतीचं कुरिअर ६० रुपये. एका परतीमागं तोटा ६४० रुपये, वीसांचा १२,८०० रुपये. विकल्या गेलेल्या ऐंशी वड्यांचा नफा ९,६०० रुपये. शंभरातल्या ऐंशी वड्या खपल्या, इन्स्टाग्रामवर वाहवा झाली, आणि पदरातले ३,२०० रुपये गेले. परत येणाऱ्या पार्सलांना या धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात, आणि जुन्या ऑनलाइन विक्रेत्यांना या तीन अक्षरांची जेवढी धास्ती असते तेवढी जीएसटीचीही नसते.

यावर उपाय जुनाच आहे: आधी पैसे, मग माल. यूपीआयमुळं हे मागणं आता संकोचाचं राहिलेलं नाही. सगळी रक्कम नको वाटत असेल तर शंभर-दोनशे रुपये आगाऊ घ्यावेत. ज्यानं शंभर रुपये भरलेत तो सहसा दार उघडतो. नाशवंत माल असेल तर आधी आपलं शहर, मग बाहेरगाव. आणि एक माझी वैयक्तिक चीड: किंमत विचारली की ‘डीएम केलंय’ असं उत्तर देणं बंद करावं. बाजारात पाटी लावलेल्या दुकानात माणूस आधी शिरतो. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते, हेही पहिल्या ऑर्डरीआधी पाहून घ्यावं. तक्रार आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

टिकटॉक आपल्याकडे का नाही, हे आठवलं की या धंद्यातला सर्वांत मोठा धोका समोर येतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉकचे भारतात तेव्हा सुमारे वीस कोटी वापरकर्ते होते असं सांगितलं जाई. गावोगावच्या ज्या पोरापोरींनी तिथं लाखांनी चाहते जमवले होते, त्यांचं खातं रातोरात नाहीसं झालं. ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स. ज्यांचे चाहते दुसरीकडेही होते ते तरले, बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. खातं ही भाड्याची जागा आहे. घरमालकानं कधी उठवावं याला धरबंध नाही. बंदी तर दूर राहिली, कोणी तक्रार केली म्हणून किंवा खातं हॅक झालं म्हणून ऐन सणात दुकान बंद पडलेले लोक आहेतच.

म्हणून गर्दीतल्या माणसाचा फोन नंबर, त्याच्या परवानगीनं, आपल्या वहीत आला पाहिजे. हे एवढं एक काम केलं तर बाकी पुष्कळ चुका माफ होतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस भारतात २०१८ पासून आहे आणि छोट्या दुकानाला ते पुरेसं आहे. डब्यात एक चिठ्ठी टाकावी: पुढच्या वेळी थेट या नंबरवर मागवा, कुरिअरचे पैसे घेणार नाही. पाच लाख लोकांनी पाहिलेल्या रीलमधून तीनशे नंबर मिळाले तर मी त्या रीलला यशस्वी म्हणेन. पुढच्या महिन्यात त्या तीनशेंतल्या तीस जणांनी पुन्हा मागवलं तर धंदा सुरू झाला असं म्हणेन.

ट्रेंडमधल्या गाण्यांबद्दल दोन शब्द, कारण इथं लोक फार बेफिकीर असतात. ‘सगळेच वापरतात’ ही सबब कोर्टात चालत नाही. मे २०२४ मध्ये सोनी म्युझिकनं मॅरियट या हॉटेल कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तो समाजमाध्यमांवर गाणी विनापरवाना वापरल्याचा. ९३१ प्रसंगांची यादी जोडली होती. पुढं तडजोड झाली. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याला बरीचशी गाजलेली गाणी दिसतच नाहीत ती याच कारणानं. मग लोक खातं ‘वैयक्तिक’ करून तेच गाणं लावतात आणि माल विकतात. पकडले जाण्याची शक्यता कमी असेल, पण कवच मोडल्याचा आवाज फुकट असताना हा धोका घ्यायचा कशाला? तसंच इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट माल देऊन करवून घेतलेली रील ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची नियमावली २०२१ ची आहे आणि ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. फिक्सचं नाव झालं ते खाणारी खरंच खातेय असं वाटलं म्हणून. पढवलेलं कौतुक बघणाऱ्याला लगेच कळतं.

मग ट्रेंड पकडावा की नाही? ज्याची तारीख आधी ठाऊक असते तो जरूर पकडावा, असं माझं मत आहे. मराठी माणसाकडे असे ट्रेंड पंचांगातच छापलेले आहेत. गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकाच्या मुखऱ्या दाखवणाऱ्या रील दर वर्षी चालतात, चैत्रात गुढीच्या, आश्विनात अनारशाला जाळी कशी पडते त्याच्या. अचानक उठलेल्या लाटेत कच्चा माल, माणसं, डबे सगळं आयत्या वेळी जमवावं लागतं; इथं तीन महिने आधी कळतं. परदेशी फराळ पाठवण्याचा धंदा याच खात्रीवर उभा आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी लेक ऑगस्टमध्ये आईला चकलीची रील पाठवते आणि सप्टेंबरमध्ये पार्सलं बांधली जाऊ लागतात.

तरीही खात्रीच्या तारखेला वाट अडते. २०२५ मध्ये अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं जवळजवळ थांबवलं. सेवा पूर्ववत झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. ज्यांचा सगळा भरवसा टपालावर होता त्यांच्याकडे मालही होता, ऑर्डरीही होत्या, आणि हातात सहा दिवस. खासगी कुरिअरचा दर आधीच विचारून ठेवलेल्यांना निदान गिऱ्हाइकाला फोन करून विचारता तरी येत होतं: एवढे जास्त पडतील, पाठवू का?